डाव्या खिशाखालचं भोक

१

शिंप्याच्या त्या दुकानात सकाळ ठरलेल्या क्रमानं उजाडायची. आधी मास्तर फळ्या काढायचे, मग इस्त्री तापत ठेवायचे, मग चष्मा शोधायचे, आणि चष्मा त्यांच्याच कपाळावर आहे हे त्यांची बायको आतून मान वर न करता सांगायची. तीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. राजवट बदलली, रस्त्याचं नाव दोनदा बदललं, समोरच्या सलूनवाल्याच्या डोक्यावरचं रान साफ झालं, पण चष्मा कपाळावरच राहिला.

दुकान लहान. पुढे कापायचं टेबल, मागे दोन मशिनं, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायलची खोली आणि तिच्यात तीन पाखांचा आरसा. गिऱ्हाईक मात्र मोठं होतं. देशाचे प्रमुख आपले कोट इथेच शिवायचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे, कारण ते खरोखरच गुरुजी होते. मागच्या गल्लीतल्या शाळेत गणित शिकवायचे, आणि आपला एकुलता एक झिजलेला कोट उलटवून शिवून घ्यायला ते पहिल्यांदा मास्तरांकडे आले होते. पुढे त्यांनी उठाव केला, तो फसला. दुसरा केला, तो जमला. गुरुजी खडूवरून थेट सत्तेवर गेले, पण शिंपी बदलला नाही.

त्या दिवशी गुरुजींचा अंगरक्षक काखेत गाठोडं घेऊन आला. हा उंच, मुका वाटावा इतका अबोल माणूस सदा गुरुजींच्या मागे असायचा, म्हणून त्याला सगळे सावली म्हणत. गाठोड्यात कोट होता. रफू करायचं आहे, एवढंच सावली बोलला.

आदल्या दिवशी स्टेशनवर गुरुजींवर गोळी झाडली गेली, हे रेडिओवरून सगळ्या गावाला कळलं होतं. डब्यात चढताना बुटाची नाडी सुटली, गुरुजी बांधायला वाकले, आणि गोळी वरून गेली. सलूनवाला सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता की गुरुजींना न्यायचं तर यमालाही लेखी अर्ज करावा लागतो, आणि गुरुजी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून तो परत पाठवतात.

सावली गेल्यावर मास्तरांनी कोट टेबलावर पसरला. भोक डाव्या खिशाखाली होतं, बोट जाईल एवढं. वाकताना कोट फुगला आणि गोळी कापडातून गेली, असं रेडिओवर सांगितलं होतं. मास्तरांनी बोट घातलं. ते अस्तरातून आत गेलं आणि पाठीच्या अस्तरातून, नाकासमोर सरळ रेषेत, बाहेर आलं. फुगलेल्या कापडाला अशी भोकं पडत नाहीत. कापडाच्या आत काहीतरी भरीव असावं लागतं.

आणि कोट धुतलेला होता. लोकरीचा कोट, पाण्यात. मास्तरांना गोळीपेक्षा याचाच राग जास्त आला. एवढा पैलू पाडलेला खांदा, कुणी गाढवानं बादलीत बुडवला होता. भोकाभोवतीचं अस्तर वाळून पापडासारखं कडक झालं होतं.

हे सगळं त्यांनी बायकोला ऐकवलं. रफूत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं कोट हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "भोक त्यांच्या कोटाला पडलंय, तुमच्या डोक्याला नाही. सुई ओवून द्या."

२

आठवड्यानं गुरुजी नव्या कोटाच्या मापाला आले. आल्या आल्या चेष्टा सुरू. नाडीनं वाचवलं, आता नाडीला मंत्री करावं म्हणतो, म्हणाले. मास्तरही हसले आणि टेप घेऊन पडद्याआड गेले.

गुरुजींचं माप वहीत होतं, पण वहीची गरज नव्हती. वीस वर्षं फळ्यावर लिहून त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच वर गेला होता, आणि मास्तर डाव्या खांद्याला कापसाची एक जास्तीची घडी घालून ते झाकायचे. ही गोष्ट गुरुजींच्या बायकोलाही ठाऊक नव्हती.

आज दोन्ही खांदे एका पातळीत होते. मास्तरांनी पुन्हा टेप लावला. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. आरशाच्या तिन्ही पाखांत तीन गुरुजी सरळ खांद्यांनी उभे होते.

"हल्ली व्यायाम करता वाटतं," मास्तर म्हणाले.

"छे हो. तुम्हीच तर म्हणायचा, माझ्या खांद्यांवर पाण्याची पातळी तपासून घ्यावी."

मास्तरांनी असं कधी म्हटलं नव्हतं. पण माणसाचं तोंड दिवसभर चालू असतं, म्हटलंही असेल. त्यांनी वहीत नवं माप लिहिलं, आणि जुनं खोडायला घेतलेली पेन्सिल तशीच खाली ठेवली.

३

पुढच्या खेपेला बॉम्ब होता. नव्या पुलाचं उद्घाटन, गुरुजींची गाडी पुलाच्या मधोमध, आणि गुरुजी खाली उतरून एका म्हातारीशी बोलत उभे. गाडीचा चुराडा झाला. म्हातारीची छत्री तेवढी उडून नदीत पडली.

सलूनमध्ये त्या दिवशी दाढी कमी आणि इतिहास जास्त झाला. म्हातारी भेटली नसती तर काय, यावर प्रत्येकाचं वेगळं मत. कुणी म्हणे, लष्कर बसलं असतं. कुणी म्हणे, शेजारच्या देशानं सरहद्द ओलांडली असती. सलूनवाल्याचं म्हणणं, शाळा बंद पडल्या असत्या आणि त्याचा थोरला मुलगा डॉक्टर होण्याऐवजी हातात वस्तरा घेऊन इथेच उभा असता. एका म्हातारीच्या छत्रीला केवढा देश लटकला होता, म्हणून सगळे हसले.

दोन दिवसांनी गुरुजी दुकानात आले. दारात पाऊल ठेवलं आणि थबकले. मास्तर टेबलाशी वाकून खडूनं बाही आखत होते. गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले, बघतच राहिले, आणि मग लांब ढांगा टाकत येऊन त्यांनी मास्तरांना कडकडून मिठी मारली. मरणाच्या दारातून आलेला माणूस, मास्तरांना वाटलं, भेटेल त्याला मिठ्या मारत असेल. त्यांनी खडूचा हात लांब धरला, गुरुजींच्या कोटाला लागू नये म्हणून.

"बटण कशी आहे?" गुरुजींनी विचारलं.

"पितळेची बसवलीत यंदा. घट्ट आहेत," मास्तर म्हणाले.

गुरुजी हसले. "अहो, कोटाची नव्हे. तुमची बटण. कॉलेजात जाते ना?"

मागे मशीन चालू होतं. ते थांबलं.

४

मास्तरांना एक मुलगी झाली होती. जन्मली तेव्हा एवढीशी, की मास्तर तिला बटण म्हणायचे. ते नाव घराबाहेर कधी गेलंच नाही, कारण मुलगीच घराबाहेर जाण्याएवढी मोठी झाली नाही. गुरुजींचा पहिला उठाव फसला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून संचारबंदी लागली. दिसेल त्याला गोळी. चौथ्या दिवशी तिला ताप चढला. डॉक्टर दोन गल्ल्या सोडून. पाचव्या दिवशी भर दुपारी मास्तर दाराच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले, आणि बायकोनं मागून त्यांचा सदरा धरला. सातव्या दिवशी बटण गेली. संचारबंदी नवव्या दिवशी उठली. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली होती, आणि सदरा कुणी धरला आणि कडीवरचा हात कुणी काढला, याबद्दल दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नव्हती.

बॉम्बनं डोकं हललं असेल, मास्तर बायकोला म्हणाले. कानात दडे बसले की माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण पुढच्या ट्रायलला बायको स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली.

"गुरुजी, दिसते कशी ती?"

गुरुजींनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पाघळले. सांगू लागले. उंच आहे, वहिनी, तुमच्यासारखी मान. वाद घालते. झाडांचा अभ्यास करते. दोरा कात्रीनं तोडत नाही, दातानं तोडते, तुम्ही ओरडता. त्या वेळी तापातून वाचली हेच नशीब, सहाव्या दिवशी संचारबंदी उठली आणि डॉक्टर धावत आला.

"नवव्या दिवशी उठली," मास्तर म्हणाले.

गुरुजी थांबले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. गाडीतून चुकीच्या स्टेशनवर उतरलेला माणूस पाट्या बघतो, तशी.

"अच्छा," ते हळूच म्हणाले. "इथे नवव्या दिवशी." मग कसंनुसं हसले. "घरी दिवाणखान्याचं दारसुद्धा उलट्या बाजूला उघडतं. दोनदा नाक आपटलं. मी म्हटलं, स्फोटाचा परिणाम."

५

त्यानंतर दुकानात मोठा आनंदीआनंद झाला, आणि मास्तरांना त्याच आनंदाची भीती वाटू लागली.

बायको गुणगुणायला लागली. आकाशी रंगाचं कापड काढून तिनं एका उंच मुलीच्या मापाचा झगा कापला. माप कुठून आणलंस, असं मास्तरांनी विचारलं तर म्हणाली, माझ्या मानेवरून. ट्रायलच्या खोलीतला आरसा ती रोज पुसू लागली. जेवताना मास्तरांशी अशा जुन्या चेष्टा करायची की त्यांना लग्नाचं पहिलं वर्ष आठवायचं. हे सगळं बरंच होतं. फक्त ती वर्तमानपत्रही वाचू लागली होती, आणि तेही एकच गोष्ट. गुरुजी कुठे जाणार, किती वाजता, गर्दी किती.

"बुधवारी मैदानावर भाषण आहे," एकदा ती म्हणाली. "मोकळी जागा. चारी बाजूंना गच्च्या. काहीही होऊ शकतं."

काळजीचं वाक्य होतं. पण आवाजात काळजी नव्हती. पाहुणे यायचे असले की माणूस रस्त्याकडे बघत बोलतं, तसा तो आवाज होता.

बॉम्बनंतर सावलीनं गुरुजींच्या कोटांत डाव्या खिशाखाली पोलादी पत्रा शिवून मागितला होता, तळहाताएवढा. त्याच्या वजनानं कोट डावीकडे ओढ खाऊ नये म्हणून मास्तर उजव्या घेराच्या शिवणीत शिशाचे तुकडे घालायचे. बुधवारी सकाळी मास्तर चष्मा शोधत असताना सावली आला आणि बायकोनं हँगरसकट कोट त्याच्या हातात दिला. मास्तरांनी बिनचष्म्याचं बघितलं. सावली रस्ता ओलांडत होता आणि कोट हँगरवर उजवीकडे कलला होता.

आज कपाळावरच्या चष्म्याची आठवण कुणी करून दिली नाही. तो मास्तरांचा त्यांनाच सापडला. सुया ठेवायचा खण त्यांनी उघडला. वर आकाशी झग्याची घडी होती. तिच्याखाली हात घातला, तर पत्रा गार लागला.

"त्यांना काही होत नाही," बायको मागून म्हणाली. ती रडत नव्हती, उलट समजूत घालत होती. "दोनदा झालं, दोनदा ते आले. आता येतील ते कदाचित तिला घेऊनच येतील."

"आणि आधीचे कुठे गेले? तो पहिला कोट कुणाच्या अंगात होता?"

"ते मला विचारू नका," ती म्हणाली.

तिनं पुन्हा त्यांचा सदरा धरला. या वेळी मास्तरांनी कडी काढली.

६

पन्नाशीच्या माणसानं धावू नये. मास्तर गुरुजींच्या बंगल्याशी पोचले तेव्हा त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. गळ्यात टेप, खिशात पत्रा, तोंडात दोरा. एक टाका सुटलाय, एवढंच त्यांनी खुणेनं सांगितलं. सावलीनं त्यांना आत नेलं.

गुरुजींनी निमूट कोट उतरवून दिला. शर्टाच्या बाह्या वर सारून ते खिडकीशी बसले आणि मास्तर अस्तर उसवू लागले. निघायला दहा मिनिटं होती.

"पत्रा वहिनींनी काढला ना?"

मास्तरांच्या बोटात सुई घुसली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"रागावू नका त्यांच्यावर," गुरुजी म्हणाले. "लबाडी मी केली. अर्धीच गोष्ट सांगितली. तिकडे संचारबंदी आपोआप नाही उठली, मास्तर. पाचव्या दिवशी भर दुपारी तुम्ही डॉक्टरला आणायला बाहेर पडलात. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी तुम्हाला गोळी घातली. बिनहत्यारी माणूस, गळ्यात टेप. सगळ्या घरांतून बायका रस्त्यावर आल्या. इतक्या, की शिपायांना कुणाकुणावर झाडावी कळेना. दुसऱ्या दिवशी संचारबंदी उठवावीच लागली. उठाव तिथून पेटला. तुमच्यामुळे आम्ही तिकडे आठ वर्षं आधी जिंकलो."

मास्तर टाके घालत राहिले. टाके सरळ पडत होते. हातांना शिवण्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. कडीवरचा आपला हात त्यांना दिसत होता, एकोणीस वर्षांपूर्वीचा. काढला नसता तर. एक हात, आणि आठ वर्षं. आणि एक मुलगी.

"चौकात तुमचा पुतळा आहे," गुरुजी म्हणाले. "मी दरवर्षी हार घालतो. म्हणून त्या दिवशी तुम्हाला टेबलाशी बघितलं आणि..."

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"कोट कसा आहे?" मास्तरांनी विचारलं. "पुतळ्याचा."

"भयंकर. गळपट्टी पार वाकडी."

मास्तरांना हसू फुटलं. गुरुजींनाही. दोघं इतके हसले की सावली दारातून डोकावला. मग मास्तरांनी गाठ मारली, दोरा दातानं तोडला, आणि आपण काय केलं ते जाणवून क्षणभर तसेच थांबले. गुरुजींनी कोट अंगात चढवला. तो दोन्ही बाजूंनी सारखा बसला.

७

घरी परतताना मास्तर सलूनशी आले तेव्हा भाषण सुरू होऊन बराच वेळ झाला होता. रेडिओ मोठा करून सगळे दाराशी जमले होते. गुरुजी पुलाबद्दल बोलत होते. वाक्याच्या मध्येच टप् असा आवाज झाला. खडू तुटावा इतका बारीक.

मग काहीच नाही. रेडिओत हजारो माणसं होती आणि काहीच आवाज नव्हता. सलूनवाल्याचा वस्तरा हवेत राहिला. खुर्चीतल्या माणसाच्या गालावरचा फेस ओघळून मानेवर आला.

"बसा, बसा," रेडिओतून गुरुजींचा आवाज आला, जरा धाप लागलेला. "तास अजून संपलेला नाही."

मैदान हसलं. सलून हसलं. सलूनवाल्यानं फेस लावलेल्या माणसाचा मुका घेतला आणि तोंड पुसत म्हणाला की यमाचा अर्ज पुन्हा परत. मास्तरांनी डोळे पुसले. पत्रा जागेवर होता. टाके टिकले होते. कुणी गेलं नव्हतं आणि म्हणून कुणी आलंही नव्हतं, असं त्यांनी मनाशी नीट मांडून बघितलं. बरोबर होतं. आता बायकोला जवळ घेऊन बसायचं, आणि एकोणीस वर्षांत जे बोललो नाही ते बोलायचं, असं ठरवून त्यांनी रस्ता ओलांडला.

दुकानात इस्त्री तापलेली होती. सुयांचा खण उघडा होता आणि त्यात आकाशी झगा नव्हता. ट्रायलच्या खोलीचा पडदा ओढलेला होता. पडद्याबाहेर बायको उभी होती, तोंडात टाचण्या धरून, आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मास्तरांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी खाली बघितलं.

पडद्याखाली दोन पावलं दिसत होती. अनवाणी, तरुण, लांब बोटांची. एक पाऊल दुसऱ्या पायाच्या घोट्याला खाजवत होतं, वाट बघून कंटाळलेल्या माणसासारखं.

गिऱ्हाईक असेल, मास्तरांनी स्वतःला सांगितलं. बुधवारी येतात बायका मापाला. सलूनवाल्याची भाची असेल, तीही उंचच आहे. कुणाचाही झगा कुणीही घालून बघतं.

"आई," आतून आवाज आला, "बाह्या तंग होतायत गं."

तीस वर्षांची सवय. मास्तरांचं डोकं काही ठरवण्याआधीच तोंडातून शब्द गेले.

"किती तंग? बोटभर, की जास्त?"

पडद्यामागची सळसळ थांबली. खाजवणारं पाऊल हलकेच खाली टेकलं आणि दोन्ही पावलं एकमेकांना चिकटून उभी राहिली. बायकोनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"आई," आतली मुलगी हळूच म्हणाली, "बाहेर कोण बोललं?"